भोंगा थांबला की सिनेमा सुरू

पौष महिन्यात निफाड तालुक्यात थंडी चांगलीच पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापकाचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत वर्तमानपत्रांत येतात. या तालुक्यातल्या मोठ्या जत्राही थंडीच्याच दिवसांत भरतात. ओझरची खंडेरायाची यात्रा चंपाषष्ठीला आणि नैताळ्याची मतोबा महाराजांची यात्रा पौष पौर्णिमेला असते. आम्ही प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, म्हणजे १९८०च्या दशकाच्या अखेरीस, या भागातल्या अशाच एका जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला. चित्रपट कोणता होता ते आज आठवत नाही. आठवतो तो तंबूच्या खांबाला बांधलेला भोंगा.

अंधार पडू लागला की जनरेटर सुरू होई आणि भोंग्यावर एक भक्तिगीत लागे. ते ऐकले की तिकिटाची खिडकी उघडली असे समजायचे. पुढे चित्रपटांतली गाणी लागत. सुरुवातीला संथ चालीची आणि मग ठसक्याची. मधूनमधून निवेदक घसा ताणून चित्रपटाची जाहिरात करी. मग एखादे गाणे ऐन मध्यावर तोडून भोंगा बंद केला जाई. त्या क्षणी पाळण्याजवळ आणि भेळीच्या गाडीपाशी रेंगाळणारी माणसे तंबूकडे धावत सुटत. भोंगा थांबला म्हणजे सिनेमा सुरू झाला, हे कोणी कोणाला शिकवलेले नव्हते. घड्याळ फार थोड्यांच्या मनगटावर असे, पण वेळ सगळ्यांना कळत असे.

करमणुकीच्या ठिकाणी ठरलेल्या वेळी ठरलेले संगीत वाजवून गर्दीचे नियोजन करणे हा आज मोठा व्यवसाय आहे. त्यामागचे विचार आधुनिक आणि परदेशी असावेत असा आपला समज असतो. म्हणून या कल्पनेचा आपल्याकडचा इतिहास थोडा तपासून पाहावा, आणि त्यात विज्ञान किती व समजूत किती हेही पाहावे, असे आम्हाला वाटले.

पडद्यामागचे संगीत

खेळाआधीच्या संगीताची अगदी जुनी व्यवस्था भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. त्याच्या पाचव्या अध्यायात नाटकापूर्वी करायच्या विधींचे, म्हणजे पूर्वरंगाचे, वर्णन आहे. त्यातली पहिली नऊ अंगे पडदा उघडण्यापूर्वी, पडद्याआड करायची असतात. वाद्ये जागेवर मांडणे हा प्रत्याहार आणि गायकांनी आपापल्या जागी बसणे हे अवतरण. त्यानंतर गायनाची सुरुवात, वाद्ये जुळवणे, हात बसवणे असा क्रम येतो. नांदी त्याच्याही नंतरची. धर्मविधी म्हणून याचे महत्त्व होतेच, पण व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर वाद्ये लागत असताना प्रेक्षक येऊन बसत असणार, हे उघड आहे. याच अध्यायात एक सावधगिरीची सूचनाही दिली आहे. पूर्वरंगातले गाणे-नाचणे फार लांबवू नये. ते लांबले तर करणारे आणि पाहणारे दोघेही थकतात आणि पुढच्या नाटकाचा रस त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. संगीताची मात्रा ठरवली पाहिजे, हा विचार इतका जुना आहे.

तमाशाची बांधणीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ढोलकी आणि हलगी यांची सलामी झडते, मग गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग. मुख्य कथा वगात असते. ती सुरू होईपर्यंत शेतातली कामे आणि जेवणे उरकून माणसे येत राहतात आणि उशिरा आलेल्याचे फारसे काही बुडत नाही. हलगीचा कडकडाट उंच पट्टीचा असल्याने तो उघड्या माळावर, गर्दीच्या गलबल्यातूनही ऐकू जातो. तो नुसता साज नव्हता, तर ते बोलावणे होते. फडाचे पोट या बोलावण्यावर अवलंबून असे. एकाच जत्रेत दोन-तीन कनाती लागल्या असतील तर ज्याची ढोलकी आधी रंगेल त्याच्या दाराशी रांग लागायची. नारायणगावच्या राहुट्यांत गावपुढाऱ्यांशी ठरवलेली सुपारी असो की तिकिटावरचा खेळ असो, पुढच्या वर्षीचे बोलावणे या रात्रीवर ठरत असे.

संगीत नाटकाने मात्र वेगळीच अडचण उभी केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात रंगभूमीवर आणले आणि मराठी रसिकांना पदांचे वेड लागले. तिसरी घंटा, पडदा आणि नांदी हा क्रम ठरलेला होता, पण पुढचे काही ठरलेले नव्हते. ‘वन्स मोअर’ची आरोळी आली की पद पुन्हा म्हणावे लागे आणि बालगंधर्वांच्या काळात तर नाटक पहाटेपर्यंत चाले. इथे संगीताचे वेळापत्रक मालक नव्हे, तर प्रेक्षक ठरवत होता. एका रात्रीत एकच खेळ असल्यामुळे ते चालूनही गेले. नाट्यगृह रिकामे करून दुसऱ्या खेळाच्या प्रेक्षकांना आत घेण्याचा प्रश्नच नव्हता.

तीन, सहा आणि नऊ

हा प्रश्न सिनेमाने निर्माण केला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. या मूकपटांना आवाज नव्हता, पण ते शांततेत पाहिले जात नसत. पडद्यापाशी पेटी-तबल्याची साथ असे. तिने प्रसंगाला रंग चढे आणि यंत्राची खडखडही थोडी झाकली जाई.

मूकपटाचा आणि नाटकाचा मोठा फरक लांबीत होता. नाटक ताणता येते, पण फिल्म ताणता येत नाही. बोलपट आल्यावर तर तिचा वेग काटेकोरपणे ठरून गेला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात आणि सेकंदाला २४ चित्रे दाखवली जातात. म्हणजे एका सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते. दोन हजार फुटांचे रीळ त्यामुळे सुमारे २२ मिनिटे चालते. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडूनही करून घेता येईल. चित्रपटाची लांबी आधीच ठाऊक असल्याने तीन, सहा आणि नऊचे खेळ लावता येऊ लागले. त्याबरोबर एक नवीनच काम अंगावर आले. दोन खेळांच्या मधल्या थोड्या वेळात शेकडो माणसे बाहेर काढायची, झाडलोट करायची आणि तितकीच माणसे आत घ्यायची.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पडद्यापाशी बसणाऱ्या पेटीवाल्यांची आणि तबलजींची रोजी हळूहळू संपली. संगीत फिल्मवर गेले. पण चित्रगृहातून ते नाहीसे झाले नाही, त्याने फक्त जागा बदलली. खेळाच्या आत असलेले संगीत खेळाच्या आधी, मध्यंतरात आणि खेळ सुटताना वाजू लागले. आमच्या मते या इतिहासातले हे खरे वळण आहे. खेळाचा भाग असलेले संगीत आता व्यवस्थेचा भाग झाले.

तबकडीचे घड्याळ

या कामासाठी सोयीचे साधन तोवर तयार झाले होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी मुद्रित झाली आणि १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर आळवायचा राग तीन मिनिटांत बसवण्याची कसरत गायकांना करावी लागली, हे आपण संगीताच्या इतिहासात वाचतो. पण चित्रगृहाच्या किंवा तंबूच्या मालकाला यातून आयतेच मोजमाप मिळाले. तबकडी उलटण्याचा व सुई बदलण्याचा वेळ धरला तर दहा बाजू म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस मिनिटे. भोंगा लावणाऱ्या पोऱ्याला घड्याळ पाहण्याची गरजच नाही. तबकड्यांची चवड वरून खाली संपली की पडदा लावायचा.

तंबूत तर याहून अधिक गरज होती. पुष्कळ फिरत्या सिनेमांकडे एकच प्रोजेक्टर असे. रीळ संपले की दुसरे चढवेपर्यंत पडदा पांढरा पडे. अंधारात जमिनीवर बसलेल्या गर्दीची चुळबुळ सुरू होण्यापूर्वी भोंगा पुन्हा सुरू केला की लोक बसून राहत. गाणे चालू आहे, म्हणजे मालक पळालेला नाही आणि यंत्र बिघडलेले नाही, एवढा दिलासा त्यातून मिळे. गर्दीला सर्वांत अस्वस्थ करते ती अनिश्चितता. गाणे ती अनिश्चितता थोडी कमी करीत असे.

थंडी आणि भोंगा

जत्रेतला भोंगा तीन-चार कोसांवरच्या वस्तीवर ऐकू येतो आणि दुपारी मात्र शेजारच्या गावातही पोहोचत नाही, असे जुनी माणसे सांगत. ही अतिशयोक्ती नाही. यामागे साधे भौतिकशास्त्र आहे.

ध्वनीचा हवेतला वेग तापमानाबरोबर वाढतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. दुपारी जमीन तापलेली असते, तिच्यालगतची हवा उष्ण आणि वरची थंड असते. त्यामुळे ध्वनितरंगाचा खालचा भाग वेगाने पुढे जातो, वरचा मागे पडतो आणि तरंग वरच्या बाजूला वळतो. आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हे चित्र उलटते. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वर तुलनेने उबदार थर राहतो. समजा जमिनीपाशी ६ अंश आणि थोडे वर १२ अंश तापमान आहे. वरच्या थरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे साडेतीन मीटरने जास्त असेल. आता तरंग खाली वळतो आणि जमिनीला धरून दूरवर जातो. गोदावरी-कादवाच्या खोऱ्यातली सपाट जमीन आणि पौषातली थंडी हे दोन्ही भोंग्याच्या पथ्यावर पडत असे.

आता आकडे पाहू. भोंग्यापासून एक मीटरवर ११० डेसिबल पातळी धरली, तर अंतर दुप्पट झाले की ती साधारण ६ डेसिबलने उतरते. एक किलोमीटरवर ती ५० आणि चार किलोमीटरवर सुमारे ३८ डेसिबल उरेल. रात्री खेड्यातली शांतता लक्षात घेता हे सहज ऐकू येण्याजोगे आहे. उंच स्वर हवेत लवकर शोषले जातात, त्यामुळे दूरच्या वस्तीवर शब्द कळत नसत, पण चाल कळे. आणि चाल कळली की पुरे. कोणते गाणे लागले आहे यावरून, निघायला हवे की भाकरी खाऊन निघाले तरी चालेल, हे ठरत असे.

कारखान्यातून दुकानात

याच काळात पश्चिमेत संगीताचा वापर अधिक हिशेबाने सुरू झाला होता. अमेरिकी सेनाधिकारी जॉर्ज स्क्वायर यांनी तारांवरून कार्यक्रम पोहोचवण्याची कल्पना मांडली आणि १९३४ मध्ये ‘म्युझॅक’ हे नाव रूढ झाले. हॉटेले, कचेऱ्या आणि कारखाने यांना तारेवरून पार्श्वसंगीत पुरवणारी ही कंपनी. तिने पुढे पंधरा मिनिटांचे गट बांधले. गटातल्या धुना क्रमाने अधिक उत्साही होत जात आणि त्यानंतर पंधरा मिनिटे शांतता असे. ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या धामधुमीत, जून १९४० मध्ये, बीबीसीने कामगारांसाठी रोज दोन वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाचा संगीताचा कार्यक्रम सुरू केला. ज्या गाण्यात टाळ्यांचा ठेका होता असे एक लोकप्रिय गाणे त्यातून वगळावे लागले, कारण कामगार हातातली अवजारे आपटून साथ देऊ लागले!

पुढे संशोधकांनी मोजमापे केली. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या किराणा दुकानात संथ आणि जलद संगीताची तुलना केली. संथ लयीच्या दिवसांत गिऱ्हाईक दुकानात सावकाश फिरले आणि विक्री सुमारे ३८ टक्के अधिक झाली. त्यांनी १९८६ मध्ये एका उपाहारगृहात केलेल्या प्रयोगात संथ संगीताच्या वेळी लोक सरासरी ५६ मिनिटे, तर जलद संगीताच्या वेळी ४५ मिनिटे टेबलाशी बसले. म्हणजे बाहेर रांग असेल तर लय वाढवावी आणि टेबले रिकामी असतील तर कमी करावी, असा व्यवहारी निष्कर्ष निघतो.

असे आकडे वाचले की आपण लगेच नियम बनवायला निघतो. पण इथे थांबले पाहिजे. हे प्रयोग विशिष्ट दुकानातले, विशिष्ट लोकांवरचे आहेत. तिथला ‘संथ’ म्हणजे मिनिटाला ७२ किंवा कमी ठोके आणि ‘जलद’ म्हणजे ९४ किंवा जास्त. आपल्याकडच्या भजनाची लय मिनिटाला किती ठोक्यांची असते आणि ती ऐकून माणूस सावकाश चालतो की ताल धरतो, हे इथेच मोजावे लागेल. दुसरी अडचण ‘हॉथॉर्न’ या नावाने ओळखली जाते. १९२४ ते १९३२ या काळात अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांतून एक शंका पुढे आली. प्रकाश वाढवला तरी काम सुधारते आणि कमी केला तरी सुधारते, मग परिणाम प्रकाशाचा की आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे या जाणिवेचा? या प्रयोगांच्या अर्थाबद्दल पुढे पुष्कळ वाद झाले, पण ही शंका कायम उपयोगी ठरली आहे. संगीताबाबतही ती विचारली पाहिजे.

आणखी एक प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुधारणा नेमकी कोणाची? संथ धून वाजवून गिऱ्हाईक अधिक खर्च करीत असेल तर ती दुकानदाराची सुधारणा आहे. गिऱ्हाईक अर्ध्या तासात निघून जाते, पण गल्ल्यावरची मुलगी तीच धून आठ तास ऐकते. जत्रेचा भोंगा तंबू भरतो, पण त्याच रात्री जवळच्या घरात कोणी आजारी असते, कोणाची परीक्षा असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आणि उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर बंदी केली. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. या मर्यादेने तमाशाच्या फडांची मोठी अडचण झाली. सलामी, गण, गौळण यांची चढती कमान रात्रभराच्या हिशेबाने बांधलेली, आणि वेळ मात्र मोजका. फडांनी वेळ वाढवून मागितली तर ती मागणी अवाजवी नाही आणि शेजाऱ्याने झोप मागितली तर तीही नाही. दोन्ही बाजूंनी डेसिबलचे आकडे समोर ठेवून बोलणे एवढेच विज्ञान इथे करू शकते.

बावन्न सेकंद

एकच संगीत, जागा बदलली की वेगळे काम कसे करते, याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. १९६२च्या युद्धानंतरच्या काळात चित्रगृहांत राष्ट्रगीत खेळाच्या शेवटी वाजवले जाई. कथा संपली की लोकांचे पाय दाराकडे वळत आणि राष्ट्रगीत चालू असताना रांगा हलू लागत. ही प्रथा मागे पडली. २००३ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रगीत खेळाच्या सुरुवातीला आले. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ च्या आदेशाने ते देशभर सक्तीचे केले आणि ९ जानेवारी २०१८ रोजी ही सक्ती काढून ते ऐच्छिक ठरवले. त्याच्या योग्यायोग्यतेत आम्ही इथे शिरत नाही. फक्त एवढेच पाहावे की गीत तेच, कालावधी सुमारे ५२ सेकंदांचा तोच आणि प्रेक्षकही तेच होते. शेवटी वाजले तेव्हा गर्दी फुटत होती, आरंभी वाजले तेव्हा गर्दी उभी राहत होती. वर्तन घडते ते संगीत आणि त्या क्षणी माणसाला काय करायचे आहे, या दोहोंच्या मेळातून.

शाळेत करून पाहण्यासारखे

हे सारे शिक्षकांसाठी का सांगायचे? कारण वेळापत्रकाने चालणारी आणि गर्दीची ने-आण करणारी एक जागा आपल्या रोजच्या परिचयाची आहे. मधल्या सुट्टीनंतर वर्ग भरायला किती वेळ लागतो हे मुलांनाच मोजायला सांगावे. घंटा झाल्यापासून शेवटचे मूल जागेवर बसेपर्यंतची सेकंदे घड्याळावर नोंदवावीत. काही दिवस नुसती घंटा द्यावी. काही दिवस घंटेआधी तीन मिनिटे एक ठरलेली धून लावावी आणि ती थांबली की घंटा द्यावी. कोणत्या दिवशी काय करायचे ते नाणे उडवून ठरवावे, म्हणजे सोमवार-शनिवारचा फरक मध्ये येणार नाही. निदान वीस दिवस नोंदी घ्याव्यात, दोन्ही प्रकारांच्या सरासरी काढाव्यात आणि आकडे किती विखुरलेले आहेत हेही पाहावे. पहिल्या आठवड्यात धून नवी असल्याने फरक मोठा दिसेल. तो नंतर टिकतो का, हा खरा प्रश्न. आपल्याला कोणी मोजते आहे हे मुलांना कळल्यानेच ती लवकर आली का, याचीही चर्चा वर्गात व्हावी. फरक आढळला नाही तर तसे फळ्यावर लिहावे. नकारार्थी निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो, हे मुलांना लवकर कळलेले बरे.

आम्हाला वाटते, जत्रेतल्या त्या भोंगेवाल्याने असा हिशेब कागदावर कधी मांडला नसेल, पण त्याच्याकडे अनेक रात्रींचा अनुभव होता आणि त्याची परीक्षा रोज संध्याकाळी गल्ल्यात होत होती. गाण्याने माणसे जमतात हे त्याला ठाऊक होते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, माणसे आत आणायची असतील तर गाणे कधी थांबवायचे, हेही त्याला ठाऊक होते.